दारातला तारा: मर्सिडीजमध्ये एवढं आहे तरी काय?

कसाराघाट
मंडळी, बरेच दिवस वाचनमात्र होतो. आज धागा काढायची वेळ आलीच.

आमचे आजोबा ट्रक ड्रायव्हर. मुंबई–इंदूर, आग्रा रोडने. त्यांच्या ट्रकच्या नाकावर तीन टोकांचा तारा होता. १९५४ साली टेल्को (आजची टाटा मोटर्स) आणि मर्सिडीज बनवणारी जर्मन कंपनी डाइमलर-बेंझ यांचा करार झाला, जमशेदपूरला ट्रक बनायला लागले आणि १९६९ ला करार संपेपर्यंत त्यांच्यावर हाच तारा असायचा. आजोबा अजूनही 'आमची मर्शिडी' म्हणतात. दसऱ्याला झेंडूची माळ बंपरला नाही, त्या ताऱ्यालाच अडकवायचे. त्यामुळे लहानपणी मला वाटायचं की मर्सिडीज हे ट्रकचंच नाव आहे. शाळेतल्या एका मुलाने 'माझ्या काकाकडे मर्सिडीज आहे' म्हटल्यावर मी विचारलं होतं, 'किती टनाची?'

आता मुद्दा. ओळखीतल्या एका डॉक्टरांना त्यांची २०१२ ची मर्सिडीज ई-क्लास डिझेल विकायची आहे. ८६ हजार किलोमीटर, एकहाती, अकरा लाख सांगतायत. बायकोचं म्हणणं, तेवढ्यात नवीकोरी छोटी गाडी वॉरंटीसकट येते. माझं म्हणणं... काही नाही, मला म्हणणं मांडायची संधीच मिळाली नाही. म्हणून इथे विचारतो. या नावात खरंच काही आहे, की सगळा देखावा? इतिहासवाल्यांनी इतिहास सांगा, गॅरेजवाल्यांनी खर्च सांगा.

बंद_टपरी
दारात हत्ती बांधावा की नाही, हे हत्तीकडे बघून ठरवू नका. चाऱ्याचं बिल बघून ठरवा.

तिरकस_तात्या
अकरा लाखात तारा. खाली पडलेला तारा असणार.

नेकरकाठ
मी श्टुटगार्टमध्ये नऊ वर्षं आहे, तेव्हा इतिहासाचं खातं माझ्याकडे. (मुंबई आणि श्टुटगार्ट १९६८ पासून भगिनी-शहरं आहेत. इथल्या गणपतीत हे भाषणात दरवर्षी ऐकवतात.)

मर्सिडीजचं संग्रहालय बघायला लिफ्टने आधी सगळ्यात वर नेतात आणि मग उतरत उतरत १८८६ पासून आजपर्यंत यायचं. वर दार उघडलं की समोर पहिलं काय दिसतं? घोडा. पांढरा, पेंढा भरलेला. गाडीच्या आधी काय होतं ते विसरू नका, असा टोमणा. मला ते फार आवडलं.

लोकांचा एक गैरसमज असतो की डाइमलर आणि बेंझ हे भागीदार होते. अजिबात नाही. कार्ल बेंझ मानहाइमला, गॉटलिब डाइमलर आणि त्याचा जोडीदार विल्हेल्म मायबाख श्टुटगार्टजवळच्या कानश्टाटला. मधे साधारण शंभर किलोमीटर. बेंझने २९ जानेवारी १८८६ ला तीनचाकी गाडीच्या पेटंटचा अर्ज केला: एक सिलेंडर, ९५४ सीसी, ताकद पाऊण अश्वशक्ती. डाइमलरने त्याच वर्षी घोडागाडीत इंजिन बसवलं. दोघांनी कधी एकत्र काम केलं नाही. १९२६ मध्ये कंपन्या एक झाल्या तेव्हा डाइमलरला जाऊन २६ वर्षं झाली होती. पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीत पैशाची पार वाट लागली होती, एकट्याने तग धरणं कठीण होतं, म्हणून हे लग्न. प्रेमविवाह नव्हे, दोन्ही घरच्यांनी नाइलाजाने ठरवलेला.

चिन्हही दोघांचं मिळून झालं. डाइमलरचा तारा, म्हणजे जमीन, पाणी आणि आकाश या तिन्हीकडे आमची इंजिनं चालतील. भोवतीची पानांची माळ बेंझची.

सासुरवाशीण_२
नेकरकाठ, बाईचं नाव राहिलं बघा! बेर्टा बेंझ.

कार्लने गाडी बनवली खरी, पण ती विकायची कशी हे काही त्याला जमेना. पैसा कुणाचा होता? लग्नाआधीच बेर्टाने स्वतःच्या हुंड्याची रक्कम त्याच्या धंद्यात ओतली होती. ऑगस्ट १८८८ मध्ये ती पहाटे नवऱ्याला न सांगता दोन मोठ्या मुलांना घेऊन निघाली, मानहाइम ते फोर्ट्सहाइम, शंभरेक किलोमीटर. कुठे? तर माहेरी! जगातला मोटारीचा पहिला लांबचा प्रवास बाईने माहेरी जाण्यासाठी केला, यात मला तरी काहीच नवल वाटत नाही.

वाटेत इंधन संपलं तेव्हा वीसलॉख गावात औषधाच्या दुकानातून लिग्रोइन घेतलं. हे कपड्याचे डाग काढायला वापरायचे. नळी तुंबली, ती टोपीच्या पिनेने साफ केली. तारेचं आवरण झिजलं, तिथे मोज्याचा पट्टा गुंडाळला. उतारावर ब्रेकचं लाकूड झिजायला लागलं तर चांभाराकडून त्यावर चामडं ठोकून घेतलं. ब्रेक लायनिंग म्हणतात ते हेच की! चढाला पोरांनी ढकलली. पोचल्यावर नवऱ्याला तार केली. परत आल्यावर सांगितलं, चढासाठी अजून एक गिअर पाहिजे.

आमच्या ह्यांना मी नुसतं 'क्लच जड लागतोय' म्हटलं तर म्हणतात, तुला चालवता येत नाही.

बंद_टपरी
सासुरवाशीण ताई, गाडी बाजूला राहू दे, या बाईवर वेगळा धागा काढा.

कसाराघाट
माहेरचा मुद्दा बायकोला वाचून दाखवला. 'मग घेऊन टाक' म्हणेल असं वाटलं होतं. म्हणाली, 'माझं माहेर कोथरूडला आहे, रिक्षा जाते.'

खोडरबर
पार्किंगचं माप घेतलंत का?

शब्दवेडा
आता नावाचं बघू. 'मर्सिडीज' हे ना डाइमलरच्या घरातलं, ना बेंझच्या. एमिल येलिनेक नावाचा ऑस्ट्रियन व्यापारी फ्रान्समध्ये नीसला असायचा आणि तिथल्या धनिकांना डाइमलरच्या गाड्या विकायचा. त्याच्या मुलीचं नाव मेर्सेदेस. शर्यतीत तो याच नावाने उतरायचा. अत्यंत खवट गिऱ्हाईक. गाड्या उंच आहेत, उलटतात, ताकद नाही, अशी सारखी कटकट. शेवटी १९०० मध्ये म्हणाला, मला हवी तशी गाडी करून द्या, ३६ एकदम घेतो, पण नाव माझ्या लेकीचं. मायबाखने बुटकी, लांब, ३५ अश्वशक्तीची गाडी केली. १९०१ च्या मार्चमध्ये नीसच्या शर्यतींत तिने सगळ्यांना धूळ चारली आणि त्या अकरा वर्षांच्या मुलीचं नाव कायमचं चिकटलं. येलिनेकने तर पुढे स्वतःचं आडनाव येलिनेक-मर्सिडीज करून घेतलं. बापाने मुलीचं नाव लावलं!

शब्द मूळ स्पॅनिश, अर्थ दया किंवा कृपा. म्हणजे मराठीत गाडीचं नाव 'कृपा'.

तिरकस_तात्या
आमच्या चौकात 'आई एकवीरा कृपा' लिहिलेला टेम्पो उभा असतो. त्याला उद्यापासून मर्सिडीजच म्हणणार.

नेकरकाठ
शब्दवेडा, जर्मन उच्चार साधारण 'मेर्त्सेडेस'. आपण मर्सिडीज म्हणतो, आजोबा मर्शिडी. मला आजोबांचाच सगळ्यात आवडला.

चिमटा
आरती चालली आहे ती चालू द्या, पण मधे एक पान गाळलं जातंय. हिटलर ज्या लांबलचक उघड्या गाडीत उभा राहून हात करायचा ती मर्सिडीज ७७० होती. युद्धात याच कंपनीच्या कारखान्यांत हजारो लोकांना वेठबिगार म्हणून राबवलं, त्यात युद्धकैदी होते, छळछावण्यांतून आणलेले होते. भरपाईपोटी दोन कोटी मार्क देण्याचं कंपनीने जाहीर केलं ते १९८८ मध्ये. मेलेल्यांना त्याचा काय उपयोग? 'परंपरा' विकायची तर सगळी विका.

शब्दवेडा
चिमटा, मान्य. पण मग त्या काळातली कुठली जर्मन कंपनी सुटेल?

चिमटा
कुठलीच सुटू नये. माझा मुद्दा तोच आहे. मी गाडी घेऊ नका म्हणत नाही, धाग्यात हे नसलं तर धागा अर्धा राहील एवढंच म्हणतोय.

नेकरकाठ
चिमटा यांचं बरोबर आहे. संग्रहालयातही उतरता उतरता तो काळ लागतो, आणि वरच्या मजल्यावर मोठ्याने बोलणारे लोक तिथे आवाज खाली आणतात. मी पाहिलंय.

रेसवेडा_कोल्हापूर
शर्यतीचं कुणीच बोललं नाही? चंदेरी बाण, म्हणजे मर्सिडीजच्या शर्यतीच्या गाड्या! १९३४, जर्मनीतला न्यूरबुर्गरिंगचा ट्रॅक. नियम असा की गाडीचं वजन ७५० किलोच्या आत. यांची भरली ७५१. संघाचा मॅनेजर नॉयबाउर म्हणाला, आता रंगच खरवडा. रात्रभर पांढरा रंग खरवडून काढला, खालचं चकचकीत अॅल्युमिनियम उघडं पडलं, सकाळी वजन बरोब्बर आणि शर्यतही जिंकली! तेव्हापासून चंदेरी. एक किलोच्या रंगाने इतिहास घडला राव.

शब्दवेडा
रेसवेडा, गोष्ट झकास आहे, पण ती मुळात नॉयबाउरने कितीतरी वर्षांनी आठवणींत रंगवून सांगितली. अभ्यासकांनी पुढे दाखवून दिलं की त्या विशिष्ट शर्यतीला ७५० किलोचा नियमच लागू नव्हता. म्हणजे खरवडायची गरजच काय? जिंकली मात्र नक्की, फॉन ब्राउखिच चालवत होता.

रेसवेडा_कोल्हापूर
वीस वर्षं ही गोष्ट मी सगळ्यांना सांगतोय. आता परत कुणाला सांगायला तोंड नाही उरलं. आभार (मानावेत की नाही कळत नाही).

पण १९५५ च्या फ्रान्समधल्या ल मान्स शर्यतीचं खरं आहे, दुर्दैवाने. मर्सिडीजची गाडी प्रेक्षकांत घुसली, ऐंशीहून जास्त माणसं गेली. त्या हंगामानंतर त्यांनी शर्यतीच सोडल्या, परत यायला तीन दशकं लागली.

चाकणकाका
उशिरा आलो, कामावर होतो. मी या क्षेत्रातलाच, सुटे भाग पुरवणाऱ्या एका कारखान्यात तीस वर्षं काढली.

पुण्यातल्या लोकांना सांगायला हवं की मर्सिडीज इथे कालपरवा आलेली नाही. कंपनी १९९४ ची, गाड्यांची जुळणी १९९५ पासून, टेल्कोच्याच आवारात. चाकणचा स्वतःचा कारखाना २००९ चा. इथे जुळणी झालेली पहिली गाडी डब्ल्यू १२४, म्हणजे त्या वेळची ई-क्लास.

ती मी पहिल्यांदा जवळून पाहिली तो दिवस आठवतो. पाऊस होता. पुढच्या काचेला वायपर एकच! आम्ही हसलो, म्हटलं साहेबांनी पैसे वाचवले. मग ड्रायव्हरने तो चालू केला. तो नुसता अर्धगोल फिरत नव्हता. कोपऱ्याकडे जाताना दांडी आतून लांब व्हायची, मधोमध आली की परत आखूड, पुन्हा कोपऱ्याकडे लांब. काचेचा वरचा कोपरासुद्धा पुसला जायचा. आमचे फोरमन छत्री बंद करून पावसात उभे राहिले आणि दहा मिनिटं फक्त तो वायपर बघत होते. शेवटी म्हणाले, 'दोन लावले असते तर स्वस्तात काम झालं असतं. पण ह्यांना स्वस्तात करायचंच नव्हतं.' डाइमलरचं ब्रीदच होतं, 'सर्वोत्तम, नाहीतर काहीच नाही'. ते मी नंतर वाचलं, फोरमनचं वाक्य आधी ऐकलं.

दार लावल्यावरचा आवाजही तसाच. 'खाट' नाही, 'धप्'. धान्याचं पोतं गादीवर पडावं तसा.

सासुरवाशीण_२
काका, वायपरचं वर्णन वाचून मी यूट्यूबवर जाऊन पाहिलं. आता स्वयंपाक राहिलाय.

नेकरकाठ
काकांच्या मुद्द्यात भर. १९५४ ला न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात ३०० एसएल ही स्पोर्ट्स कार आली, पंखासारखी वर उघडणारी दारं असलेली. लोकांना वाटतं ती चैन होती. तसं नव्हतं. हलकेपणासाठी आतला सांगाडा नळ्यांचा केला होता, तो दोन्ही बाजूंनी एवढा उंच आला की नेहमीचं दार बसेना. मग दार वरून उघडलं. अडचणीतून निघालेली वाट पुढे सौंदर्य म्हणून विकली गेली. आणि बघा, त्याच वर्षी जमशेदपूरला कसाराघाटांच्या आजोबांचे ट्रक सुरू झाले. एकच तारा, एक न्यूयॉर्कच्या दिव्यांखाली आणि एक कसाऱ्याच्या चढाला.

सुरक्षिततेचंही तसंच. टक्कर झाली की गाडीचं पुढचं-मागचं अंग चुरगळावं आणि माणूस बसतो ती खोली शाबूत राहावी, ही कल्पना त्यांच्या बेला बारेनी या इंजिनियरची, गाडीत आली १९५९ ला. त्याआधी गाडी जितकी टणक तितकी चांगली असं मानायचे. ब्रेक लागल्यावर चाकं न अडकणारं एबीएस बॉश कंपनीबरोबर १९७८ ला, त्यांच्या मोठ्या एस-क्लासमध्ये. आज ते आपल्या साध्या गाडीतही आहे.

तिरकस_तात्या
आणि १९९७? स्वीडनमध्ये एका पत्रकाराने यांची नवी ए-क्लास 'समोर सांबरासारखं मोठं हरीण आलं' असं समजून झटकन वळवली आणि ती चक्क आडवी झाली. विकलेल्या गाड्या परत बोलवाव्या लागल्या.

नेकरकाठ
हो, पण त्यानंतर त्या छोट्या गाडीतही घसरण रोखणारी ईएसपी यंत्रणा सरसकट देऊन टाकली. तोवर ती महागड्या गाड्यांतच असायची. सांबराचे उपकार.

मराठवाडी_मिरची
संभाजीनगरहून हजेरी. आमचा विषय निघाल्याशिवाय हा धागा पूर्ण होत नसतो! ऑक्टोबर २०१०, तेव्हाचं औरंगाबाद, एका दिवसात दीडशे मर्सिडीज. साधारण ६५ कोटींचा व्यवहार. उद्योजक, डॉक्टर, बिल्डर एकत्र आले, घाऊक भाव ठरवला, स्टेट बँकेने कर्ज दिलं. जगभर बातमी झाली. हेतू हाच की आमच्या शहराकडे बघा.

बघितलंही सगळ्यांनी. आता एवढंच की गाडी धुवायला नळाला पाणी कधी येतं, हे विचारायचं नाही.

बंद_टपरी
म्हणजे दीडशे जणांनी भाजीसारखी घासाघीस करून मर्सिडीज घेतली. याला म्हणतात मराठी बाणा.

चिमटा
मिरची, हाच तर देखाव्याचा पुरावा झाला ना! एकाला हवी म्हणून दीडशे जणांना हवी.

मराठवाडी_मिरची
चिमटाजी, मोठ्या शहरातल्या माणसाने घेतली की आवड, छोट्या शहरातल्याने घेतली की देखावा, असं का? त्या वेळी आम्ही नकाशावर आलो, हे तुम्हाला तिथून नाही कळायचं.

चिमटा
हा टोला बसला. शब्द मागे घेतो.

नेकरकाठ
देखाव्यावरून आठवलं. जर्मनीत विमानतळावर उतरल्यावर तुम्हाला भेटणारी पहिली मर्सिडीज बहुतेक टॅक्सीच असते, फिक्या सायीच्या रंगाची. डिझेलची, लाखो किलोमीटर पळालेली. ग्रीसमधल्या थेसालोनिकीच्या एका टॅक्सीवाल्याची १९७६ ची २४० डी ४६ लाख किलोमीटर चालली, कंपनीने ती मागून घेऊन संग्रहालयात ठेवली. आमच्याकडे पाहुणे येतात ते विचारतात, 'अय्या, इथे टॅक्सीसुद्धा मर्सिडीज?' मी म्हणतो, नाही, इथे मर्सिडीजसुद्धा टॅक्सी.

गॅरेज_गप्पा
सगळ्यांचा इतिहास झाला असेल तर जरा मूळ प्रश्नाकडे येऊ. कसाराघाट भाऊ, नीट ऐका.

माझं स्वतःचं मल्टिब्रँड गॅरेज आहे. जुनी महागडी गाडी घेताना लोक एक चूक करतात: गाडीची किंमत जुनी असते, पण पार्टची किंमत नवीच असते. अकरा लाखाची गाडी झाली म्हणून हेडलाइट अकरा लाखाच्या गाडीचा मिळत नाही, तो नव्या गाडीच्या भावानेच येतो.

माझ्या मेव्हण्याने अशीच एक परदेशी गाडी घेतली. कंपनीचं नाव घेणार नाही, मर्सिडीज नव्हती एवढंच. आठव्या दिवशी सकाळी बघतो तर गाडी एका बाजूला बसलेली, म्हशीसारखी. हवेच्या सस्पेन्शनचा फुगा गेला. दोन्ही बाजूंचे बदलून पावणेदोन लाख. मेव्हणी अजून माझ्याशी बोलत नाही, का ते मला कळलेलं नाही.

तेव्हा: सगळ्या सर्व्हिसची बिलं मागा, तोंडी हिशोब नको. गिअरबॉक्सचं तेल कधी बदललं ते बिलात शोधा. स्कॅनर लावून बघा. थंड इंजिनवर, सकाळी सकाळी स्टार्ट करायला लावा, गाडी आधीच गरम करून ठेवली असेल तर काहीतरी लपवतायत. रबराचे बुश आणि टायरची तारीख बघा; ८६ हजार म्हणजे फार नाही, पण उभी राहून राहूनही रबर मरतं. आणि २०१२ ची गाडी म्हणजे २०२७ ला पंधरा वर्षं, पुनर्नोंदणीचा खर्च आणि धावपळ आत्ताच धरा. किमतीच्या वर दीड-दोन लाख बाजूला ठेवता येत असतील तर घ्या. ते ठेवता येत नसतील तर फोटो काढा आणि घरी या.

बंद_टपरी
चाऱ्याचं बिल आलं. मी पहिल्याच प्रतिसादात म्हटलं होतं.

खोडरबर
पार्किंग?

कसाराघाट
वृत्तांत देतो.

काल सकाळी सातला डॉक्टरांच्या बंगल्यावर गेलो, इंजिन थंड असतानाच. सोबत आजोबा. वय ८९, काठी आणि टोपी. बिलं सगळी फायलीत लावलेली, गिअरबॉक्सच्या तेलाचं बिलही सापडलं. स्कॅनरवाला मुलगा नेला होता, त्याला मोठं काही दिसलं नाही. टायर चारही बदलावे लागतील.

आजोबांनी आधी बॉनेट उघडायला लावलं. आत काळं प्लास्टिकचं झाकण. म्हणाले, 'इंजिन कुठाय?' डॉक्टर म्हणाले, त्याच्याखाली. आजोबा म्हणाले, 'झाकून ठेवायला काय लोणचं आहे का?' मग चाकाजवळ वाकून ट्रकला असतात तसे स्प्रिंगचे पाटे शोधले. पाटे नाहीत म्हटल्यावर त्यांचा गाडीवरचा विश्वास निम्मा उडाला.

मग मागे बसले. मी पाषाण रस्त्याने एक फेरी मारली. सगळा वेळ गप्प. उतरल्यावर दार लावलं, चाकणकाकांचा 'धप्' आला. त्यांनी परत उघडलं, परत लावलं. तीनदा. आणि म्हणाले, 'कसाऱ्याला दुसऱ्या गिअरवर चढंल का?' मी म्हटलं, ऑटोमॅटिक आहे, गिअर गाडीच ठरवते. यावर बराच वेळ विचार करून म्हणाले, 'मग ड्रायव्हरला पगार कशाचा?'

भाव दहा पंचवीसवर आलाय. बायको स्वतः चालवून आली आणि येताना काही बोलली नाही, हे मी होकार धरलंय. गॅरेज_गप्पा, दीड लाख बाजूला काढलेत. चिमटा, तुमचं पान लक्षात ठेवलंय.

चाकणकाका
अभिनंदन! आजोबांना नमस्कार सांगा. लोणच्याचं वाक्य आमच्या फोरमनला कळवतो.

सासुरवाशीण_२
पहिली फेरी कोथरूडला माहेरी. ठरलं.

खोडरबर
मी तिसऱ्यांदा विचारतो. सोसायटीत पार्किंग किती लांब आहे?

कसाराघाट
आत्ता टेप घेऊन खाली जाऊन आलो.

पंधरा फूट. मागे भिंत, पुढे जोशी काकांची स्कूटर.

गॅरेज_गप्पा
ई-क्लास सोळा फूट आहे भाऊ.

तिरकस_तात्या
जोशी काकांना चहाला बोलवा. भाव आता त्यांच्याशी ठरवायचाय.